जुन्या मोटारीच्या चॅसिसला स्प्रेडर बार बसवताना

जुन्या मोटारीखाली दिवा घेऊन पाहिले, तर बहुधा दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना ठरावीक अंतरावर जोडणारे क्रॉस मेंबर दिसतात. शिडीसारख्या या चौकटीची, म्हणजे चॅसिसची, पुढची दोन टोके पहिल्या क्रॉस मेंबरच्याही पुढे निघालेली असतात. ब्रिटिश मोटारींच्या परिभाषेत त्यांना डम आयर्न म्हणतात, अमेरिकी परिभाषेत फ्रेम हॉर्न. या लेखात मी त्यांना सरळ ‘शिंगे’ म्हणणार आहे. ही दोन शिंगे एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर राहावीत म्हणून त्यांच्या टोकांशी जो आडवा दांडा बसवतात, तो स्प्रेडर बार. काही मोटारींत असाच दांडा मागच्या टोकांनाही असतो.

कामाला हात घालण्यापूर्वी या दांड्याकडून कोणती अपेक्षा ठेवायची आणि कोणती ठेवायची नाही, हे मनाशी पक्के करावे. ज्या मोटारींत लांबीच्या दिशेने बसवलेल्या पाट्यांच्या स्प्रिंगचा पुढचा डोळा (बोल्ट जाण्यासाठी वळवलेले गोल टोक) थेट शिंगाच्या टोकाशी असतो, तेथे वळणावरचा आणि खड्ड्यांतला आडवा जोर त्या सुट्या टोकावर येतो. दांडा असला की एका शिंगावरचा जोर दोघांत वाटला जातो. मात्र दोन बोल्टांनी धरलेला सरळ दांडा चौकटीला काटकोनात धरून ठेवू शकत नाही. चौकट समांतरभुज चौकोनासारखी तिरकी झाली, तर दांडाही तिच्याबरोबर निमूटपणे सरकतो आणि दोन शिंगांतले अंतर तेवढेच दिसते. त्यामुळे वाकडे चॅसिस सरळ करण्याचे साधन म्हणून स्प्रेडर बारकडे पाहू नये. आधी चौकट मोजावी, लागल्यास सरळ करावी आणि मगच त्या सरळ चौकटीच्या मापाचा दांडा करावा. बहुतेक नवखे हा क्रम उलटा करतात.

मीही तोच उलटा क्रम केला होता. तयार मिळालेला दांडा एका बाजूला बसला, दुसऱ्या बाजूला सुमारे 6 मिलिमीटर फट राहिली, आणि मी लांब बोल्ट घालून ती फट पान्याने आवळून बुजवली. दांडा बसलेला दिसला, पण त्या संध्याकाळी बॉनेटची डावी कडा रेडिएटरच्या आवरणाला घासू लागली आणि थोड्याच दिवसांत रेडिएटरच्या खालच्या टाकीचा सांधा पाझरू लागला. रेडिएटर ज्या पट्ट्यांवर उभा होता, त्या पट्ट्या मी शिंगासोबतच ओढल्या होत्या. त्यानंतर मी एक नियम पाळतो: दोन्ही टोकांचे बोल्ट शेवटच्या आट्यापर्यंत बोटांनी फिरले पाहिजेत. पान्याचे काम त्यापुढचे.

मोजणी

या कामातला अर्धा वेळ मोजणीत गेला तर तो वाया गेला असे समजू नये. मोटार सपाट, टणक जमिनीवर उभी करावी. चाके काढायची असल्यास स्टँड ॲक्सलखाली लावावेत, म्हणजे चॅसिसवर नेहमीचाच भार राहतो. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही जाऊ नये. शिंगांवरचा चिखल, ग्रीस आणि रंगाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढावेत. क्रॉस मेंबरजवळचे रिव्हेट हातोडीने हलकेच वाजवून पाहावेत. पक्का रिव्हेट टणत्कार देतो, ढिल्याचा आवाज बद्द येतो आणि त्याच्या भोवती बहुधा तांबूस भुकटीचे कडे असते. भोकांच्या कडांना चीर असल्याची शंका आली, तर डाय पेनिट्रंट, म्हणजे चीर दाखवणारा रंगीत द्रव, वापरावे. जागा स्वच्छ पुसून लाल द्रव लावायचा, तो मुरू द्यायचा, वरचा पुसून काढायचा आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. अशी रेघ दिसली, तर स्प्रेडर बारचा विचार बाजूला ठेवून आधी चिरेची दुरुस्ती करून घ्यावी.

यानंतर ओळंबा. चौकटीच्या ज्या भागाला धक्का लागलेला नाही असे वाटते, तेथे डावी-उजवीकडची जुळी ठिकाणे निवडावीत, उदाहरणार्थ मागच्या स्प्रिंगचे पुढचे बोल्ट आणि पुढच्या क्रॉस मेंबरजवळची कारखान्यातली भोके. या चारही ठिकाणांहून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा कराव्यात आणि त्यांचे दोन कर्ण मोजावेत. कर्ण सारखे आले, तर चौकट निदान त्या भागात तिरकी झालेली नाही. कर्णांत 3 मिलिमीटरहून अधिक फरक आढळला, तर मी पुढे जात नाही. पुन्हा मोजतो, आणि तरीही फरक राहिला तर चॅसिस सरळ करणाऱ्या जाणकाराकडे नेतो.

कर्ण जुळल्यावर पुढच्या दोन खुणांचा मध्य आणि मागच्या दोन खुणांचा मध्य काढून त्यांवरून खडू लावलेली दोरी ताणावी आणि झटका देऊन सूत मारावे. ही मध्यरेषा शिंगांच्या पुढे पोहोचेल इतकी लांब असावी. आता दोन्ही शिंगांच्या टोकांपासून ओळंबा सोडून मध्यरेषेपर्यंतचे अंतर वेगवेगळे मोजायचे. समजा डावीकडे 372 आणि उजवीकडे 366 मिलिमीटर आले. दोघांतले अंतर 738 आहे, एवढेच मोजून कोणी थांबला असता, तर त्याला काहीच कळले नसते. मध्यरेषेमुळे दोन्ही शिंगे सारखी नाहीत हे उघड झाले. मूळ अंतर 744 असल्याचे नकाशावरून ठाऊक असेल, तर उजवे शिंग 6 मिलिमीटर आत वळले आहे असा सरळ अर्थ निघतो. डावे बाहेर गेले की उजवे आत आले, हे ठरवायला मूळ माप लागतेच. ते कारखान्याच्या पुस्तिकेत मिळते किंवा त्याच मॉडेलच्या धडधाकट मोटारीवरून घेता येते. शिंगे समांतरच असतील, असेही गृहीत धरू नये. पुष्कळ चॅसिस पुढे निमुळती होत जातात, म्हणून माप क्रॉस मेंबरपाशी, शिंगाच्या मध्यावर आणि टोकाशी असे तीन ठिकाणी घ्यावे.

शिंग थोडेसेच वळलेले असेल, तर ते थंड असतानाच सरळ करणे चांगले. त्यासाठी 16 मिलिमीटरची आट्यांची सळई, तिच्यावर सैल बसणारी जाड नळी आणि दोन नट घेऊन स्क्रू-जॅक घरच्या घरी करता येतो; नळीच्या तोंडाशी नट फिरवला की सळई पुढे सरकते आणि शिंग बाहेर ढकलले जाते. पोलाद परत येते, त्यामुळे 6 मिलिमीटर हवे असताना त्याहून बरेच जास्त ढकलावे लागते. हे काम थोडे-थोडे करावे, प्रत्येक वेळी दाब पूर्ण सोडून मोजावे आणि ढकलताना जॅकच्या रेषेत उभे राहू नये. लाल होईपर्यंत तापवून वाकवण्याचा मोह टाळावा, कारण चौकटीचे पोलाद कोणत्या जातीचे आहे हे खात्रीने ठाऊक नसेल तर तापवल्यावर त्याची ताकद किती उरली, हे बाहेरून कळत नाही.

कोणत्या प्रकारचा दांडा करावा

मोटारीला मुळात स्प्रेडर बार होता का, हे सुट्या भागांच्या पुस्तिकेत पाहावे. इंजिन काढताना किंवा अपघातानंतर काढलेला दांडा परत बसलाच नाही, असे फार घडते. अशा वेळी शिंगांवर रिकामी, जुळी भोके दिसतात आणि तीच वापरावीत. काही मोटारींत पुढच्या आडव्या दांड्यातूनच इंजिन चालू करण्याच्या हँडलची वाट असते. तसे असेल तर दांड्याची उंची नुसत्या अंदाजाने ठरवता येत नाही, कारण हँडल क्रँकशाफ्टच्या रेषेत राहिले पाहिजे.

नव्याने करायचा असल्यास भरीव सळईऐवजी नळी घ्यावी. 32 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या आणि 3 मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीचे वजन मीटरला सुमारे 2.1 किलो भरते, तर 20 मिलिमीटर व्यासाच्या भरीव सळईचे सुमारे 2.5 किलो, तरीही वाकण्याला होणारा नळीचा विरोध त्या सळईच्या साडेतीन पटींहून अधिक असतो. शिंगे आत येऊ पाहतात तेव्हा दांडा दाबला जातो, आणि लांब, बारीक दांडा दाबाखाली चिरडत नाही, तर मध्यावर धनुष्यासारखा वाकतो. या वाकण्यालाच नळी भारी पडते.

ज्यांना वेल्डिंग येत नाही किंवा कोणाकडून करून घ्यायचे नाही, त्यांच्यासाठी एक साधी रचना आहे आणि ती मला स्वतःला आवडते. नळी नेमक्या लांबीची कापून दोन शिंगांच्या मध्ये ठेवायची, तिच्यातून आरपार जाणारी, दोन्ही टोकांना आटे असलेली सळई घालायची आणि शिंगांच्या बाहेरून नट आवळायचे. नळी शिंगांना आत येऊ देत नाही, सळई बाहेर जाऊ देत नाही. सळई नळीत खडखडू नये म्हणून मध्यावर एक नायलॉनचे किंवा पितळेचे बुश (सळईभोवतीचे कडे) बसवावे.

दुसरी रचना अधिक नीटस दिसते: नळीच्या दोन्ही टोकांत लेथवर काढलेले भरीव गट्टू बसवून ते वेल्ड करतात आणि त्यांतल्या आट्यांत शिंगाबाहेरून बोल्ट येतो. वर सांगितलेल्या नळीसाठी गट्टूचा आत जाणारा भाग 26 मिलिमीटरच्या पोकळीत हाताने सरकेल एवढा आणि सुमारे 40 मिलिमीटर लांब ठेवावा, बाहेरची खांदी 32 मिलिमीटरची असावी. बोल्ट एम12 (12 मिलिमीटर व्यासाचा मेट्रिक) असेल तर आटे पाडण्यापूर्वी 10.2 मिलिमीटरचे भोक पाडावे, आणि बोल्ट त्याच्या व्यासाच्या निदान दीडपट खोल आट्यांत बसेल असे पाहावे. दोन टोकांना उलटसुलट आटे देऊन लांबी कमी-जास्त करता येणारा दांडाही करतात. पण नवख्याच्या हाती तो दिला की तो त्याने चौकट ओढू-ढकलू लागतो, म्हणून त्याची शिफारस मी करत नाही.

आट्यांविषयी एक इशारा द्यायला हवा. आट्यांची मानके वेगवेगळी असतात: जुन्या ब्रिटिश मोटारींत बीएसएफ आणि व्हिटवर्थ, अमेरिकी मोटारींत यूएनएफ आणि यूएनसी किंवा त्यांची पूर्वरूपे, तर युरोपीय मोटारींत मेट्रिक आटे भेटतात. तीन अष्टमांश इंचाच्या बीएसएफ बोल्टला इंचाला 20 आटे असतात, यूएनएफला 24. फसवी जोडी मात्र वेगळीच आहे. त्याच व्यासाच्या व्हिटवर्थ आणि यूएनसी बोल्टांना इंचाला 16 असे सारखेच आटे असतात, फक्त आट्याचा कोन एकाचा 55 अंश आणि दुसऱ्याचा 60 अंश असतो. हे बोल्ट एकमेकांच्या नटांत फिरतात, पण नीट धरत नाहीत. आट्यांचा गेज लावल्याशिवाय कोणताही बोल्ट बसला असे समजू नये.

कापणे आणि जुळवणे

नळीची लांबी शिंगांच्या आतल्या अंतरापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर कमी ठेवावी आणि उरलेली फट पातळ शिमने (धातूच्या चकतीने) भरावी. शिंगे सरळ केल्यावर आतले अंतर 744 आले असेल, तर गट्टूंसह दांडा 743.5 मिलिमीटरचा करायचा. मोजपट्टीच्या हुकात थोडी ढिलाई असते, म्हणून शून्याऐवजी 100 च्या खुणेपासून मोजून नंतर 100 वजा करावेत, किंवा त्याहून बरे म्हणजे दोन पातळ काठ्या एकमेकींवर सरकवून शिंगांच्या मध्ये टेकवाव्यात, त्यांना क्लॅम्प लावावा आणि ते माप जसेच्या तसे नळीवर उतरवावे. आकडाच मध्ये आला नाही, तर आकड्याची चूकही होत नाही.

शिंगे निमुळती असतील, तर नळीचे तोंड काटकोनात कापून चालत नाही. समजा 300 मिलिमीटरच्या लांबीत दोन शिंगांमधले अंतर 10 मिलिमीटरने कमी होते; म्हणजे प्रत्येक शिंग सुमारे एक अंशाने तिरके आहे. एक अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण 32 मिलिमीटरच्या तोंडावर त्यामुळे एका कडेला अर्धा मिलिमीटर फट राहते आणि बोल्ट आवळताना ती फट बुजवण्यासाठी शिंगाचा पत्रा वाकतो. तोंडाला निळी शाई लावून ते शिंगाला टेकवावे, शाई जेथे लागली तेथे कानशीने हलका हात मारावा, आणि शाई सगळीकडे सारखी उमटेपर्यंत हेच करत राहावे.

नवी भोके पाडायची वेळ आली, तर ती चॅनलच्या (एका बाजूने उघड्या, पन्हळीसारख्या तुळईच्या) उभ्या बाजूच्या मध्याजवळ पाडावीत. वरच्या आणि खालच्या आडव्या कडांना कधीही भोक पाडू नये, कारण तुळई वाकताना सर्वांत जास्त ताण त्याच कडांवर येतो. भोकाचा मध्य कोणत्याही कडेपासून त्याच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर असावा. सेंटर पंचने खूण करावी, आधी 4 मिलिमीटरचे भोक पाडून मग ते मोठे करत न्यावे आणि कडांवरची बुरी (उरलेली धारदार किनार) काढावी. जुने भोक लांबट झाले असेल तर मोठा वॉशर लावून ते झाकू नये. ते वेल्डने भरून घासावे आणि पुन्हा पाडावे.

चॅनल उघडे न राहता चारही बाजूंनी बंद केलेले असेल, तर आरपार बोल्ट आवळताना पोकळ पेटी आत दबते. 1932 च्या फोर्डच्या तुळया मुळात उघड्या चॅनलच्या आहेत, पण हौशी लोक त्या आतून पट्टी लावून बंद करतात आणि तेथे हमखास ही चूक होते. अशा वेळी भोकात बोल्टाच्या मापाची जाड नळकांडी बसवून ती दोन्ही भिंतींना वेल्ड करावी, म्हणजे आवळण्याचा जोर नळकांडीवर येतो.

वेल्डिंग

गट्टू दांड्यात बसवून, बोल्ट हातानेच लावून, दांडा मोटारीवर जागच्या जागी असताना फक्त टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारावेत. चॅसिसच येथे जिगचे, म्हणजे भाग नेमक्या जागी धरणाऱ्या साच्याचे, काम करते. त्याआधी बॅटरीची तार काढावी, वेल्डिंग यंत्राची अर्थिंगची क्लॅम्प टाक्याच्या शक्य तितक्या जवळ लावावी, पेट्रोलची नळी आणि रबरी भाग ओल्या जाड कापडाने झाकावेत आणि आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवावे. नंतर दांडा उतरवून टेबलावर पक्के वेल्ड करावे. समोरासमोरच्या बाजूंना आलटून-पालटून वेल्ड मारला, तर दांडा एका अंगाला ओढला जात नाही. नळीला झिंकचा मुलामा असेल तर तो टोकांपासून आधी घासून काढावा, कारण वेल्डिंगमध्ये त्याचा धूर होतो आणि तो विषारी असतो. दोन्ही टोके बंद होत असल्यामुळे आतली तापलेली हवा शेवटच्या टाक्यातून फुटून बाहेर येते. म्हणून नळीच्या खालच्या अंगाला 3 मिलिमीटरचे भोक आधीच पाडून ठेवावे. पुढे याच भोकातून आत गंजरोधक मेणही सोडता येते. थंड झाल्यावर आट्यांतून टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) पुन्हा एकदा फिरवावा.

बसवणे

रंगापूर्वी दांडा एकदा कोराच बसवून पाहावा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, पुढचा भाग दाबून आणि उचलून पाहावा आणि स्टिअरिंगचे ट्रॅक रॉड व ड्रॉप आर्म हे दांडे किंवा पंखा दांड्याला लागत नाही याची खात्री करावी. शंकेच्या जागी मातीची गोळी चिकटवली तर उरलेले अंतर तिच्या जाडीवरून कळते. 15 मिलिमीटरहून कमी अंतर मला पुरेसे वाटत नाही. रेडिएटर मात्र या दांड्याला थेट आवळू नये. चॅसिस रस्त्यावर सतत किंचित पिळत असते, आणि रेडिएटरचे झाळलेले सांधे ते पिळणे सोसत नाहीत.

रंग देताना दांड्याची तोंडे आणि शिंगांवरची टेकण्याची जागा यांवर प्रायमरच्या पातळ थरापलीकडे काहीही नको. बोल्टाखाली अडकलेला जाड रंग हळूहळू दबतो आणि तेवढा बोल्ट सैल पडतो. शेवटची आवळणी मोटार चाकांवर उभी असताना करावी. 8.8 या ताकदीच्या दर्जाचा एम10 बोल्ट साधारण 45 ते 50 न्यूटन-मीटर आणि एम12 साधारण 80 न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात; पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरावा. गट्टूत जाणारा बोल्ट तळाला टेकत नाही ना, हे आधी वॉशरशिवाय फिरवून पाहावे, कारण तळाला टेकलेला बोल्ट टॉर्क पान्याला पक्का वाटतो आणि दांडा मात्र सैलच राहतो. शिंग सरळ केले असेल तर पुढच्या चाकांचे अलाइनमेंटही तपासून घ्यावे.

आवळून झाल्यावर बोल्टाच्या डोक्यावरून शिंगावर जाणारी एक पांढरी रेघ रंगाने ओढावी आणि दोन्ही शिंगांची मध्यरेषेपासूनची मापे मोटारीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. सुमारे 100 किलोमीटरनंतर आणि पुन्हा 500 किलोमीटरनंतर ती रेघ पाहावी. रेघ तुटलेली दिसली, तर बोल्ट नुसता पुन्हा आवळू नये. तो पूर्ण काढावा आणि हाताने परत आत जातो का, ते आधी पाहावे. जात नसेल, तर ओळंबा पुन्हा काढावा आणि वहीतल्या मापांशी नवी मापे ताडून पाहावीत.